सम्मासति आणि छात्राध्यापक : थिच न्हात हान यांच्या एका पत्राच्या निमित्ताने

शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींस सम्मासतीचे शिक्षण द्यावे काय, आणि द्यावयाचे झाल्यास त्याचे स्वरूप कोणते असावे, हा प्रश्न आता विहारांच्या व ध्यानकेंद्रांच्या भिंतींबाहेर येऊन पोहोचला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली ‘मित्र उपक्रमा’च्या रूपाने शाळांतून आनापानाचा सराव सुरू केला. दिल्ली शासनाने २०१८ साली आणलेल्या ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रमातही सजगतेच्या सरावास स्थान मिळाले. इंग्लंड-अमेरिकेत ‘माइंडफुलनेस’ या नावाने शिक्षकांसाठी स्वतंत्र वर्ग चालतात. सराव पाठांची धास्ती, अभ्यासक्रमाचे ओझे, पुढील नोकरीची अनिश्चितता यांवरील उपाय म्हणून छात्राध्यापकांसही हा विषय सुचविला जातो. भगवान बुद्धांच्या शिकवणुकीतील एक अंग शिक्षणक्षेत्रात आदराने घेतले जात आहे, याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु जी वस्तू घेतली गेली ती मूळ वस्तूच आहे किंवा कसे, हे तपासून पाहणे पालीच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

या तपासणीसाठी आम्ही एक जुना आणि सर्वांत प्रभावी ग्रंथ समोर ठेवीत आहोत. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान यांचा ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ हा तो ग्रंथ होय. दैनंदिन जीवनातील सजगतेविषयी आज जे काही बोलले व लिहिले जाते, त्यातील पुष्कळसा भाग या लहानशा पुस्तकातून आलेला आहे. ताटे-वाट्या धुताना, चहा पिताना, संत्रे सोलून खाताना चित्त त्या कृतीत ठेवावे, ही उदाहरणे ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याच्याही कानावर पडलेली असतात. असे पुस्तक आदराने वाचावयास हवे आणि परखडपणेही वाचावयास हवे.

पत्र आणि त्याची पार्श्वभूमी

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा ग्रंथ मुळात ग्रंथ म्हणून लिहिला गेलेला नाही. ते एक दीर्घ पत्र आहे. १९७४ साली, मायदेशापासून दूर फ्रान्समध्ये असताना, थिच न्हात हान यांनी ते क्वांग नावाच्या आपल्या सहकाऱ्यास व्हिएतनामी भाषेत लिहिले. हे सहकारी ‘स्कूल ऑफ यूथ फॉर सोशल सर्व्हिस’ या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते होते. ही संस्था थिच न्हात हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण व्हिएतनाममध्ये युद्धाच्या काळात स्थापिली होती. तरुण कार्यकर्त्यांस प्रशिक्षण द्यावे, त्यांनी खेड्यांत जाऊन शाळा उभाराव्या, मुलांना शिकवावे, दवाखाने चालवावे, उद्ध्वस्त वस्त्या पुन्हा बांधाव्या, असे तिचे कार्य होते. लढणाऱ्या कोणत्याही पक्षाची बाजू घेण्यास नकार दिल्यामुळे दोन्हीकडून संशय वाट्यास आला. काही कार्यकर्त्यांचे अपहरण झाले, काहींची हत्या झाली. अशा स्थितीत थकलेल्या व शोकाकुल तरुणांनी काम कसे चालू ठेवावे, आणि ते करताना मनात द्वेष शिरू नये म्हणून काय करावे, हा त्या पत्रामागील प्रश्न होता.

म्हणजे हे पत्र प्रशिक्षणार्थींसाठी लिहिलेले होते. त्याचे वाचक खेड्यातील मुलांसमोर उभे राहणारे तरुण होते. म्हणूनच आजच्या छात्राध्यापकासाठी काही शोधावयाचे तर ते या पत्रात शोधणे सर्वथा योग्य होय.

पत्राच्या मूळ व्हिएतनामी शीर्षकात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘जागे असणे’ असा होतो. कॅन्डी येथील बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीने जे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले त्याचे नावही ‘द मिरॅकल ऑफ बीइंग अवेक’ असेच होते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात सम्मासतीचा अर्थ सांगताना चित्ताच्या अखंड जागृतीवरच भर दिला आहे. मात्र बाबासाहेब तेथेच थांबत नाहीत. दुष्ट विकारांवर चित्ताने ठेवलेला पहारा म्हणजे सम्मासति, असा आशय ते पुढे जोडतात. जागे राहणे आणि पहारा देणे यांत अंतर आहे. जागा मनुष्य नुसता पाहत बसू शकतो. पहारेकऱ्यास आत कोणास सोडावे आणि कोणास अडवावे हे ठरवावे लागते. हे अंतर पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल.

‘सति’ म्हणजे काय?

‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली वापरला आणि तो रूढ झाला. मराठीत आपण स्मृती, जागरूकता, सजगता, अवधान असे अनेक शब्द योजतो. यांपैकी ‘स्मृती’ हा शब्द आज मागे पडला आहे, कारण वर्तमान क्षणात राहण्याच्या उपदेशाशी त्याचा मेळ बसत नाही असे अनेकांस वाटते. परंतु पालीत ‘सति’ या शब्दाचे स्मरणाशी असलेले नाते अगदी स्पष्ट आहे. संयुत्तनिकायातील इंद्रियसंयुत्तात सतिंद्रियाची व्याख्या करताना, पूर्वी केलेले व पूर्वी बोललेले ज्यास आठवते तो सतिमान, असे सांगितले आहे. तेथेच पुढे चार सतिपट्ठानांचाही निर्देश येतो. याचा अर्थ असा की, वर्तमानातील निरीक्षण आणि मागील गोष्टींचे स्मरण यांना निकाय परस्परविरोधी मानीत नाहीत.

मिलिन्दपञ्हात हा विचार अधिक विस्ताराने आला आहे. राजा मिलिंदाने सतीचे लक्षण विचारले असता भदन्त नागसेन राजाच्या भांडागारिकाचा दृष्टान्त देतात. भांडागारिक सकाळ-संध्याकाळ राजास त्याच्या संपत्तीची आठवण करून देतो. इतके हत्ती, इतके अश्व, इतके सुवर्ण. त्याचप्रमाणे सति उत्पन्न झाली असता ती कुशल व अकुशल, सदोष व निर्दोष, हीन व उत्तम यांची आठवण करून देते. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास ज्या राजाचे नाव दिले, त्याच राजास दिलेले हे उत्तर आहे. शिक्षक घडविणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते ध्यानी ठेवावे असे आम्हांस वाटते.

संयुत्तनिकायातील किंसुकोपम सुत्तात सतीला नगराच्या द्वारपालाची उपमा दिली आहे. शहाणा द्वारपाल अनोळखी व्यक्तीस अडवितो आणि ओळखीच्या व्यक्तीस आत घेतो. मज्झिमनिकायातील महाचत्तारीसक सुत्तात तर सम्मादिट्ठी अग्रस्थानी ठेवून, सम्मावायाम आणि सम्मासति या तिच्याभोवती फिरतात असे दाखविले आहे. निकायांनी ‘मिच्छासति’ हा शब्दही वापरला आहे. सति असूनही ती चुकीच्या दिशेने वळू शकते, हे त्या शब्दानेच मान्य केले आहे. नेम धरून बसलेल्या शिकाऱ्याचे लक्ष काही कमी एकाग्र नसते.

आता आधुनिक व्याख्या पाहू. जॉन काबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घ दुखण्याने त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी एक उपक्रम सुरू केला. हेतुपूर्वक, वर्तमान क्षणी आणि कोणताही निवाडा न करता लक्ष देणे, हा त्यांनी दिलेल्या अर्थाचा सारांश होय. जुनाट वेदना सोसणाऱ्या रुग्णाने आपल्या वेदनेचा निवाडा करू नये, यात शहाणपण आहे. वेदनेवर खंताची आणखी एक वेदना चढत नाही. तथापि रुग्णाच्या अंथरुणावरून हीच व्याख्या उचलून शिक्षकाच्या टेबलावर ठेवली की तिचा परिणाम बदलतो. शिक्षकापुढे त्याची स्वतःची वेदना ही एकच वस्तू नसते. त्याच्यापुढे पन्नास मुले असतात आणि त्यांच्याशी तो कसा वागतो याचा निवाडा त्याने करावयाचाच असतो. मिलिन्दपञ्हातील भांडागारिकास निवाडा न करता हिशेब ठेवता आला नसता.

पत्रातून काय उचलले, काय मागे राहिले

थिच न्हात हान यांच्या पत्राचा एक मोठा गुण असा की, त्याने ध्यानास आसनावरून उठवून घरकामात आणि लोककार्यात आणले. ही काही नवी प्रथा नव्हे. सतिपट्ठान सुत्तातील सम्पजञ्ञाच्या प्रकरणात जाणे-येणे, पुढे-मागे पाहणे, हातपाय आखडणे-पसरणे, चीवर व पात्र धारण करणे, खाणे-पिणे, मलमूत्रविसर्जन, झोपणे-जागणे, बोलणे आणि मौन राहणे हे सारे आलेच आहे. अट्ठकथाकारांनी तर कुरू देशाविषयी एक लक्षणीय माहिती दिली आहे. तेथील दास आणि चाकरसुद्धा सतिपट्ठानाविषयी बोलत. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी व्यर्थ गोष्टी न होता, कोण कोणत्या सतिपट्ठानाचा अभ्यास करतो याची विचारपूस होई. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ज्यांच्या परंपरेत आहे, त्या वाचकांस पाणवठ्यावरचे हे सतिपट्ठान किती अर्थपूर्ण वाटेल हे सांगणे नलगे. थिच न्हात हान यांनी सम्पजञ्ञाचे हे प्रकरण सोप्या भाषेत पुन्हा जिवंत केले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पत्रातील दुसरे उदाहरण शिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ॲलन नावाचा एक गृहस्थ पूर्वी आपल्या वेळेचे भाग पाडीत असे. हा मुलाचा, हा पत्नीचा, उरलेला आपला. पुढे मुलाच्या अभ्यासात घालविलेला वेळही तो आपलाच वेळ मानू लागला, आणि त्याला वेळेची टंचाई वाटेनाशी झाली. सराव पाठ म्हणजे आपल्या गुणांसाठी वर्गात काढावयाची काही मिनिटे, असे समजणाऱ्या छात्राध्यापकाने हे उदाहरण अवश्य वाचावे. पाठ टाचण, तक्ते, निरीक्षकांचा शेरा यांत मन गुंतले असताना समोरची मुले केवळ पाठाची सामग्री होऊन जातात. तो वेळ मुलांचा आणि आपला एकच आहे, ही जाणीव म्हणजे चांगल्या अध्यापनाची सुरुवात होय.

परंतु पत्राबरोबर त्याची पार्श्वभूमी पुढे गेली नाही. क्वांग आणि त्यांचे सहकारी पत्र वाचण्यापूर्वीच एका शीलाने व एका कार्याने बांधलेले होते. १९६६ साली थिच न्हात हान यांनी ‘तिएप हिएन’ संघ स्थापिला. त्याचे पहिले सहा सदस्य याच संस्थेच्या कार्यातून आलेले होते. त्या संघाच्या चौदा शीलांत दुःखापासून दूर न पळण्याचे, तसेच कोणत्याही मतास आंधळेपणाने न चिकटण्याचे शील आहे. भांडी धुताना भांड्यांतच चित्त ठेवा, हा उपदेश अशा माणसांस केलेला होता. कोणत्या कामासाठी जागे राहावयाचे, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यांच्यापैकी काहींनी त्या कामासाठी प्राण दिले होते.

आजच्या शिबिरात तोच उपदेश शीलाविना आणि कार्याविना दिला जातो. तेव्हा त्याचे रूपांतर विश्रांतीच्या तंत्रात होते. विश्रांती वाईट नव्हे. पण तिचे फळ किती काळ टिकते, हे आता पडताळून पाहिले गेले आहे. ब्रिटनमधील ‘मिरियड’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात समाविष्ट होते. शिक्षकांनी प्रथम स्वतः माइंडफुलनेसचा वर्ग केला, नंतर ते शिकविण्याचे प्रशिक्षण घेतले आणि मग मुलांना शिकविले. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यास त्याचा अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. शिक्षकांचा थकवा आरंभी कमी झाला. वर्षभरानंतर तो लाभ टिकला नाही. शाळेतील परस्पर आदराचे वातावरण मात्र काहीसे सुधारलेले दिसले, हेही नमूद केले पाहिजे. हा अभ्यास सम्मासतीची परीक्षा होती असे आम्ही म्हणत नाही; ती एका विशिष्ट अभ्यासक्रमाची परीक्षा होती. तथापि मार्गाच्या आठ अंगांपैकी एकच अंग, तेही अर्धे, उचलले असता काय हाती लागते, याचा अंदाज त्यातून येतो.

थिच न्हात हान यांनी पुढे कॅथरिन वेअर यांच्यासह शिक्षकांसाठी ‘हॅपी टीचर्स चेंज द वर्ल्ड’ (२०१७) हे पुस्तक सिद्ध केले. शिक्षकाने प्रथम स्वतः आचरण करावे आणि मग वर्गात जावे, हा त्याचा आग्रह अगदी योग्य आहे. परंतु शीर्षकातील क्रम पाहावा. सुखी शिक्षक जग बदलतात, असा तो क्रम आहे. शिक्षक सुखी झाला म्हणजे त्याची दृष्टीही सम्यक झाली, असे गृहीत धरण्यास आधार कोणता? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत आपल्या शाळेची हकीकत लिहिली आहे. वर्गात एका कोपऱ्यात बसण्यासाठी वेगळे गोणपाट. तहान लागली तर शिक्षकाची परवानगीसुद्धा पुरेशी नसे, नळ सोडणारा शिपाई असेल तरच पाणी मिळे. त्या वर्गातील शिक्षकाचे चित्त अधिक शांत असते, तो रोज पंधरा मिनिटे श्वास पाहत असता, तर ते गोणपाट हटले असते काय? या प्रश्नास होकारार्थी उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

भांडी कोणाची?

आता या पत्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाकडे वळू. लेखक आपल्या श्रामणेर अवस्थेतील आठवण सांगतात. शंभरांहून अधिक भिक्खूंची भांडी राख, भाताचा कोंडा आणि नारळाची शेंडी घेऊन घासावी लागत. साबण नव्हता, थंडीत पाणी गोठल्यासारखे असे. हे कष्ट त्यांनी स्वतः उपसलेले आहेत, म्हणून त्यांचा उपदेश पोकळ नाही. भांडी धुऊन झाल्यावरच्या चहाकडे मन लावून भांडी धुऊ नयेत; धुण्यातच चित्त असावे, असा त्यांचा आशय आहे.

आमचा आक्षेप उपदेशावर नसून तो ज्या घरात नेला जातो त्या घराविषयी आहे. संघात श्रामणेर भांडी धुतो, पण तो कोणत्या कुळात जन्मला हे पाहून ते काम त्यास दिलेले नसते. पुढे दुसरे श्रामणेर येतात आणि ते काम त्यांच्याकडे जाते. आपल्या समाजात कोणी कोणाची भांडी घासावी, कोणी झाडलोट करावी, कोणी मैला वाहावा, हे जन्माने ठरविले गेले होते. घराघरांत ते आजही स्त्रीच्या वाट्यास आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यास ‘कामात चित्त ठेव, म्हणजे ते सुंदर होईल’ असे सांगणे, आणि काम वाटून देणाऱ्यास काहीच न सांगणे, ही सतीची विटंबना होय. श्रमप्रतिष्ठेच्या गोड शब्दांखाली जातीची उतरंड झाकण्याचे असे प्रयत्न आपण पूर्वीही पाहिले आहेत, आणि बाबासाहेबांनी त्यांची कठोर चिकित्सा केली आहे.

शाळेत हा प्रश्न अगदी जवळ येतो. परिपाठाच्या आधी वर्ग कोण झाडतो? पिण्याच्या पाण्याची टाकी कोण भरतो, आणि स्वच्छतागृह धुण्यास कोणत्या मुलास पाठविले जाते? पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाजवळ बसतो? छात्राध्यापकास सजगता शिकवावयाची तर त्याने प्रथम या गोष्टी पाहाव्यात. थिच न्हात हान यांच्या पत्रात या पाहण्यास विरोध करणारे काही नाही. पण ते पाहण्यास शिकविणारेही काही नाही. युद्धाने भाजलेल्या देशात त्यांच्यापुढे शत्रू-मित्र हा भेद होता, आणि त्या भेदावर त्यांनी उत्तम औषध दिले. आपल्यापुढील भेद निराळा आहे. तो आरडाओरडा करीत नाही. पुष्कळदा तो अत्यंत शांत चित्ताने पाळला जातो.

वर्गातील सतिपट्ठान

हे न्यून भरून काढण्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. सतिपट्ठान सुत्तातच प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस ‘अज्झत्त’, ‘बहिद्धा’ आणि ‘अज्झत्तबहिद्धा’ असे तीन प्रकार सांगितले आहेत. आपल्या ठायी, दुसऱ्याच्या ठायी आणि उभयतांच्या ठायी निरीक्षण करावयाचे आहे. आजच्या अभ्यासक्रमांनी पहिला प्रकार ठेवला आणि उरलेले दोन बहुधा गाळले. शिक्षकास मात्र उरलेल्या दोहोंचीच अधिक गरज आहे. त्याच सुत्तात ‘अभिज्झा’ आणि ‘दोमनस्स’ दूर सारून विहरावे असे म्हटले आहे. अभिज्झा म्हणजे हवेसे वाटणे, दोमनस्स म्हणजे नकोसे वाटणे. वर्गात शिक्षकाची नजर या दोन दोरांनीच ओढली जाते. चटकन उत्तर देणारे, नीटनेटके, आपल्या बोलीत बोलणारे मूल हवेसे वाटते; उशिरा येणारे, मळक्या कपड्यांचे, वेगळ्या उच्चारांचे मूल नकोसे वाटते. हजेरीपट वाचताना एखाद्या आडनावाशी आवाज किंचित बदलतो. हा बदल टिपणे ही वेदनानुपस्सना आहे आणि चित्तानुपस्सनाही आहे. त्यासाठी डोळे मिटण्याचे कारण नाही.

अट्ठकथेत सम्पजञ्ञाचे चार प्रकार सांगितले आहेत : सात्थक, सप्पाय, गोचर आणि असम्मोह. छात्राध्यापकाच्या सराव पाठास ते जसेच्या तसे लावता येतात. वर्गात प्रश्न विचारण्याचे साधे उदाहरण घेऊ. हा प्रश्न मुलांच्या हिताचा आहे की निरीक्षकास दाखविण्यासाठी आहे, हे पाहणे म्हणजे सात्थक सम्पजञ्ञ. प्रश्न हिताचा असला तरी याच मुलास, याच वेळी, सर्वांसमोर विचारणे योग्य होईल की त्याची मान खाली जाईल, हे पाहणे म्हणजे सप्पाय सम्पजञ्ञ. उत्तर ऐकताना आपले मन उत्तरात आहे की घड्याळात, हे जाणणे गोचर सम्पजञ्ञात येते. आणि ‘मी हुशार शिक्षक, हा मठ्ठ मुलगा’ अशी जी गाठ मनात बसते ती सोडविणे, तेथे केवळ कारणे आणि परिणाम आहेत हे पाहणे, हे असम्मोह सम्पजञ्ञ होय. मठ्ठपणा जन्मजात आहे ही समजूत जातीच्या समजुतीचीच धाकटी बहीण आहे. तिचा नाश असम्मोहानेच होतो.

भगवान बुद्धांनी एका लहान मुलास कसे शिकविले, हे मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आले आहे. आरसा कशासाठी असतो, असे ते राहुलास विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. त्याप्रमाणे कायेने, वाचेने, मनाने करावयाचे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासावे; त्याने स्वतःस, दुसऱ्यास किंवा दोघांस पीडा होते काय ते पाहावे, असा तो उपदेश आहे. शिक्षणशास्त्रात पाठाचे नियोजन, अध्यापन आणि पाठानंतरची चर्चा अशा ज्या तीन पायऱ्या मानल्या जातात, त्यांच्याशी हा क्रम किती जुळतो! फरक एवढाच की, पाठानंतरच्या चर्चेत फळ्यावरील अक्षर आणि तक्त्याचा आकार यांवर बरेच बोलले जाते. कोणत्या मुलाकडे तासभरात एकदाही पाहिले गेले नाही, हे क्वचितच विचारले जाते.

अंगुत्तरनिकायातील उदायी सुत्तही येथे उपयुक्त आहे. मोठ्या जनसमुदायास धम्म शिकविणाऱ्या भदन्त उदायींविषयी कळले असता भगवंतांनी सांगितले की, इतरांस धम्म शिकविणे सोपे नाही. त्यासाठी पाच गोष्टी चित्तात ठेवाव्यात. क्रमाने शिकवावे, कारणे देऊन शिकवावे, अनुकंपेने शिकवावे, लाभाच्या हेतूने शिकवू नये, आणि स्वतःस व इतरांस न दुखविता शिकवावे. हे शिक्षकाच्या सतीचे विषय होत. श्वास हा आरंभ म्हणून उत्तम आहे. पण वर्गात उभे राहिल्यावर आठवावयाचे ते हे पाच.

निष्कर्ष

थिच न्हात हान यांचे पत्र छात्राध्यापकांस वाचावयास द्यावे काय? आमचे मत असे की, अवश्य द्यावे. पण क्वांग आणि त्यांच्या मृत सहकाऱ्यांच्या हकीकतीसह द्यावे. त्याच्या जोडीस सतिपट्ठान, राहुलोवाद आणि उदायी ही तीन सुत्ते ठेवावीत आणि बाबासाहेबांची शाळेची हकीकतही ठेवावी. ही चारही वाचने मराठीतून करून घेता येतात. त्यास मोठा खर्च लागत नाही. आपल्या विहारांतून जे उपासक-उपासिका अध्यापक विद्यालयांत शिकतात किंवा शिकवितात, त्यांनी पौर्णिमेच्या कार्यक्रमांस जोडून असे अभ्यासवर्ग घेतले तर त्याचा लाभ शाळेपर्यंत पोहोचेल.

सरावाचे स्वरूपही साधे असावे. आठवड्यातून एक दिवस छात्राध्यापकाने शाळा सुटल्यावर, हजेरीपट न पाहता, वर्गातील सर्व मुलांची नावे कागदावर लिहावीत. जी नावे आठवत नाहीत त्यांकडे लक्ष द्यावे. ती नावे का आठवली नाहीत, ती मुले कोठे बसतात, त्यांच्याशी आपण शेवटचे केव्हा बोललो, हे तपासावे. सति म्हणजे पूर्वी केलेले व बोललेले आठवणे, हा निकायांतील अर्थ येथे अक्षरशः उपयोगास येतो. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी दोन-चार श्वास शांतपणे पाहावेत आणि त्या नावांपैकी एकापासून दिवसास प्रारंभ करावा. दासांनी पाणवठ्यावर जे सतिपट्ठान चर्चिले, ते शाळेच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणण्याचे काम अजून शिल्लक आहे, आणि ते काम उद्याच्या शिक्षकांनी हाती घ्यावयाचे आहे.